शेतावर आणि शिकारीला एकच आखूड बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल: कोणती घ्यावी?

माळरान
नमस्कार मंडळी. मध्य टेक्सासात लानो काउंटीत ६० एकर रान आहे. शेळ्या, थोडी गुरं, बाकी मेस्कीटची झुडपं आणि ओढा. रायफलीला कामं चार: रानडुकरं, शेळ्यांच्या मागावर येणारे कायोटी (कोल्ह्यासारखे रानटी कुत्रे), नोव्हेंबरात एखादं पांढऱ्या शेपटीचं हरीण, आणि जखमी जनावराला त्रासातून सोडवणं. अंतर बहुतेक वेळा १०० यार्डाच्या आत, फार तर २००. रायफल दिवसभर पिकअपमध्ये नाहीतर छोट्या चारचाकी यूटीव्हीत राहणार, म्हणून आखूड हवी, आणि बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची. वापरणारी माणसं दोन: एक सहा फुटी, एक पाच फूट दोन इंच.

यादीत आत्ता एवढी नावं आहेत: रुगर अमेरिकन रँच (५.५६, ३०० ब्लॅकआउट किंवा ७.६२×३९ काडतुसात), हावा मिनी अ‍ॅक्शन ६.५ ग्रेंडलमध्ये, जुनी सीझेड ५२७ कार्बाइन, आणि १६ इंची नळीची .३०८ काडतुसाची कुठलीही रायफल. माझा कल .३०८ कडे आहे. हरणाला पुरते, डुकराला पुरते, काडतुसं प्रत्येक दुकानात मिळतात. कुणाला हे चुकीचं वाटत असेल तर कारणासकट सांगा.

दारूगोळा
चुकीचं नाही, पण महाग पडेल, आणि पैशापेक्षा कानांना महाग पडेल.

.३०८ च्या काडतुसात साधारण ४५ ग्रेन (तीन ग्रॅमच्या आसपास) दारू असते. कारखाने वेग मोजतात तो २४ इंची नळीतून: १५० ग्रेनची गोळी, २८२० फूट प्रति सेकंद. नळी इंचभर कापली की अंदाजे २० ते २५ फूट वेग जातो, म्हणजे १६ इंचात २६२० ते २६५० हातात राहतात. शिकारीला तेवढा वेग भरपूर झाला. पण उरलेला दाब आणि न जळलेली दारू नळीच्या तोंडाशी भडका होऊन बाहेर पडते. पत्र्याच्या छपराखाली किंवा गाडीच्या दाराआडून एक बार काढला की फरक कळतो.

लहान काडतुसांचं उलट आहे. ३०० ब्लॅकआउटमध्ये दारू २० ग्रेनच्या आतबाहेर, तीही लवकर जळणारी, नऊ-दहा इंचांत काम संपवणारी. १६ इंची नळीत त्याचं काहीच वाया जात नाही. ११० ग्रेनची तांब्याची गोळी २३५० फूट वेगाने निघते, ऊर्जा साधारण १३५० फूट-पाउंड. ७.६२×३९ ची १२३ ग्रेनची गोळी त्याच वेगाला १५०० फूट-पाउंड देते. तुमच्या १०० ते १५० यार्डांना याहून जास्त लागत नाही.

नळी आखूड हवी असेल तर काडतूसही आखूड घ्या. निवड इथून सुरू करा, रायफलीचं नाव नंतर.

लॅनोकाठ
दारूगोळा यांच्याशी सहमत. धक्क्याचाही हिशोब धरा. दुर्बिणीसकट सात पाउंडाच्या रायफलीत .३०८ चा धक्का १६ फूट-पाउंडांच्या आसपास, .२२३ चा (म्हणजे जवळपास ५.५६ च) चारच्याही आत. पाच फूट दोन इंचांच्या माणसाला नेम शिकायचा आहे, आणि तो शिकायला वर्षाला निदान दोन-तीनशे गोळ्या झाडाव्या लागतात. .३०८ ने एवढा सराव कुणी करत नाही. खांदा आणि खिसा दोन्ही नाही म्हणतात.

चौथी_फेरी
मुळात बोल्ट-अ‍ॅक्शन का? रानडुकरांचा कळप पंधरा-वीसचा असतो. पहिला बार झाला की उरलेली पळतात. सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी) असेल तर तीन-चार तरी पडतात.

माळरान
@चौथी_फेरी, कळपासाठी पिंजरा लावणार आहोत, दार दुरून पाडता येणारा. रायफल उरल्यासुरल्यांसाठी.

गवताळ
मग विचार योग्य दिशेने चालला आहे. टेक्सासातल्या रानडुकरांची संख्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कृषी विस्तार खात्याच्या अंदाजाने २६ लाखांच्या घरात आहे. गोळीने ती कमी होत नाहीत. उलट दोन पडली की जाणत्या माद्या कळप घेऊन रात्रीच्या होतात आणि शेजारच्या रानात जातात. सबंध कळप पिंजऱ्यात घेणं हाच उपाय. त्यात बाहेर राहिलेला एकांडा नर रायफलीने.

बोल्ट-अ‍ॅक्शनचा दुसरा फायदा रोजच्या वापरातला. हातात असताना बोल्ट उघडा ठेवला की दहा फुटांवरूनही दिसतं, बंदूक रिकामी आहे. आसपास चार माणसं असतात, त्यांच्यासाठी हे मोठं काम आहे. आणि सप्रेसर (नळीच्या तोंडाला लावायचा, आवाज कमी करणारा नळा) लावला तर बोल्टची बंदूक सेमी-ऑटोपेक्षा शांत, कारण यंत्रणा स्वतः हलत नाही आणि वायू झाडणाऱ्याच्या चेहऱ्यावर येत नाही.

कोकणी_ठासणी
वाचतोय, मजा येतेय. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतराखणीला अजून ठासणीची बंदूक. शस्त्र कायदा १९५९ मध्येच पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. रायफल घ्यायचीच तर परवान्यावर .३१५ बोअरची, आयुध निर्माणीची, ली-एनफिल्डच्या घाटाची. नळी लांब, वजन भारी. १६ इंची नळी आणि सहा पाउंड म्हणजे इथल्या माणसाला वेगळंच जग. बाकी आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद, डुकराला मारायलासुद्धा वनखात्याची परवानगी. एक विचारतो: तिकडे १६ इंचच का? १४ का नाही?

कागदपत्र
@कोकणी_ठासणी, १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्यामुळे. १६ इंचाहून आखूड नळीची किंवा एकूण २६ इंचाहून आखूड रायफल वेगळ्या वर्गात जाते, नोंदणी लागते. म्हणून कारखाने १६.१ इंच ठेवतात. नळी मोजताना बोल्ट बंद करून तोंडातून काठी आत सोडतात आणि बोल्टच्या तोंडाशी टेकल्यावर खूण करतात. जुनी रायफल नळी कापून विकत असतील तर ही मोजणी स्वतः करा. पेच फिरवून काढता येणारा ब्रेक (नळीच्या तोंडाचा, धक्का कमी करणारा तुकडा) लांबीत धरत नाहीत.

आता धाग्यावर कुणी विचारलं नाही ते. @माळरान, वापरणाऱ्या दोघांची इमिग्रेशनची स्थिती काय आहे?

माळरान
एक ग्रीन कार्डवर, एक एच-वन-बीवर. रायफल ग्रीन कार्डवाल्याच्या नावावर घेऊ.

कागदपत्र
नावाने सुटत नाही. नीट वाचा, कारण आपल्या लोकांत याबद्दल फार गैरसमज आहेत.

केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस *जवळ बाळगायलाच* मनाई आहे. विकत घेणं तर पुढची गोष्ट. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन सगळे त्यात आले. बंदूक नवऱ्याची आणि गाडी बायको चालवतेय, तरी ती तिच्या ताब्यात धरली जाऊ शकते. याला जे अपवाद आहेत त्यांत उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. तो असेल तर बाळगता येते आणि दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेताही येते.

इथे दोन फसव्या जागा आहेत. पहिली: टेक्सासात २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुकरं मारायला शिकार परवाना लागत नाही. ते वाचून लोक परवाना काढत नाहीत. डुकराला लागत नाही हे खरं, पण एच-वन-बीवाल्याला बंदूक हातात धरायला लागतो. दुसरी: टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो, तुम्ही कधीही काढा. १ सप्टेंबरला सकाळी नवा परवाना खिशात नसेल तर घरातली बंदूक त्या माणसासाठी बेकायदेशीर. नवे परवाने १५ ऑगस्टच्या सुमाराला निघतात, तेव्हाच काढून ठेवा.

२ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचा कोर्सही लागतो. तो दोघांनी आधी करा, रायफल नंतर. आणि तुमच्या प्रकरणात एकदा वकिलाला विचाराच, कारण इथली चूक व्हिसापर्यंत जाते.

माळरान
हे माहीत नव्हतं. मनापासून आभार. कोर्स आधी.

सांता_क्रूझ
कागदपत्र यांचा प्रतिसाद वर चिकटवून ठेवावा असा आहे. कॅलिफोर्नियावाल्यांसाठी भर: इथे सप्रेसर पूर्ण बंद, मॅगझिन १० गोळ्यांच्या वर नाही, आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तांब्याचीच लागते. तांब्याची गोळी त्याच वजनाला लांब असते, म्हणून नळीतला पीळ बघावा लागतो. .२२३ ला १:८ चा पीळ हवा, म्हणजे आठ इंचांत एक फेरा. जुन्या १:१२ वाल्या नळीत ६२ ग्रेनची तांब्याची गोळी आडवी फिरते आणि कागदावर चावीच्या भोकासारखं भोक पडतं.

रानवारा
रायफलींबद्दल बोलू या आता. एकेक घेतो.

रुगर अमेरिकन रँच: नळी १६.१ इंच, एकूण ३६ इंच, सहा पाउंडाच्या थोडी वर. नळीच्या तोंडाला पेच आधीच पाडलेला. ५.५६ ला अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे; .३० व्यासाच्या काडतुसांना पाच अष्टमांश इंच, २४ आटे. बोल्ट ७० अंशांत उघडतो, म्हणून मूठ दुर्बिणीला अडत नाही. मोबदल्यात उचलताना जोर जरा जास्त लागतो. चाप ३ ते ५ पाउंडांत बसवता येतो.

जुनी घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. एक, पहिल्या पिढीतल्या सुरुवातीच्या बंदुकांना पाच गोळ्यांचं स्वतःचं गोल मॅगझिन यायचं, नंतरच्यांना एआर-१५ या सेमी-ऑटो रायफलीचं बसतं. विकणारा कुठलं म्हणतोय ते फोटोत पाहा. ७.६२×३९ ला रुगरच्या मिनी थर्टी रायफलीचं मॅगझिन लागतं, तेही रुगरचंच घ्या. दुसऱ्यांची पोलादी मॅगझिनं ओठाशी वाकडी निघतात आणि गोळी चेंबरच्या (नळीतली काडतुसाची जागा) कडेला अडते. दोन, पहिल्या पिढीची सेफ्टी (चाप अडवणारा खटका) लावली तरी बोल्ट मोकळाच राहतो. गाडीतून ओढताना पट्ट्यात किंवा झुडपात अडकून मूठ वर होते. दुसऱ्या पिढीत सेफ्टी तीन टप्प्यांची आहे, मागच्या टप्प्यात बोल्ट बंद. शिवाय दस्त्यातला स्पेसर काढून लांबी कमी करता येते. पाच फूट दोन इंचांसाठी हेच सगळ्यात मोठं कारण.

सीझेड ५२७: माझ्या मते या यादीतली सगळ्यात देखणी. मिनी माउझर घाट, काडतूस पहिल्यापासून नखात धरून आत जातं, अक्रोडाचा दस्ता, १८.५ इंच नळी, चाप पुढे ढकलला की केसासारखा हलका होतो. पण उत्पादन बंद झालं आहे. मॅगझिन पाच गोळ्यांचं, बाहेर लोंबणारं, आणि जुनं मिळालं तर महाग. नळीला पेच नाही. आणि सेफ्टी उलटी: पुढे सुरक्षित, मागे ओढली की चालू. घरात दुसरी कुठलीही बंदूक असेल तर ही उलट सवय धोक्याची आहे.

हावा मिनी: बोल्टचा प्रवास साध्या शॉर्ट अ‍ॅक्शनपेक्षा कमी, घासूनपुसून गुळगुळीत, ग्रेंडलला उत्तम. पण नळी बहुधा २० किंवा २२ इंच, म्हणजे तुमची पहिली अटच मोडते.

दारूगोळा
रानवारा यांनी छान मांडलं. ग्रेंडलबद्दल एवढंच की २०० यार्डांपलीकडे जायचं असेल तर ते खरंच वेगळं काडतूस आहे, १२३ ग्रेनची लांब गोळी वारा कमी खाते. २०० च्या आत त्याचा फायदा कागदावरच राहतो, आणि गावच्या दुकानात काडतूस मिळत नाही.

७.६२×३९ स्वस्त म्हणून घेणार असाल तर थांबा. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी आणली. लोखंडी कवचाची स्वस्ताई तेव्हापासून ओसरली. त्या काडतुसांचा प्राइमर (बुडाची ठिणगी देणारी टोपी) कडक असतो, बोल्ट-अ‍ॅक्शनचा घणा (बोल्टमधला ठोकणारा खिळा) कमजोर असला तर नुसता पोचा पडतो, बार होत नाही. तसं झालं तर बोल्ट तीस सेकंद उघडू नका, तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबा. घरी काडतुसं भरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, याची मूळ गोळी .३१० ते .३११ व्यासाची, .३०८ ची नव्हे.

ओहायोवाली
३५० लेजंडचं नाव कुणीच घेतलं नाही? २०१९ पासून आहे, धक्का कमी, १५० ग्रेनची गोळी २३२५ फूट वेगाने.

गवताळ
@ओहायोवाली, ते तुमच्याकडच्या नियमासाठी जन्मलं. ओहायोसारख्या राज्यांत हरणाला सरळ भिंतीच्या कवचाचंच काडतूस चालतं, तिथे ते पहिल्या नंबरचं. टेक्सासात तसा नियम नाही; हरणाला रिमफायर (बुडाच्या कडेला ठोका बसणारं) सोडून कुठलंही सेंटरफायर (मधोमध ठोका बसणारं) कायदेशीर. इथे ३५० घेण्याचं कारण उरत नाही.

ओहायोवाली
बरोबर. आमच्या माणसांनी धागा वाचला तर उपयोग होईल, एवढ्यासाठी लिहिलं.

माळरान
म्हणजे .२२३ (५.५६) की ३०० ब्लॅकआउट की ७.६२×३९? .२२३ हरणाला पुरते का?

लॅनोकाठ
पुरते, गोळी योग्य असेल तर. ५५ ग्रेनची पातळ कवचाची कायोटीची गोळी खांद्याच्या हाडावर फुटते आणि वरवरची जखम करून राहते. हरणाला ६० ते ७० ग्रेनची: कवच आणि शिसं एकमेकांना चिकटवलेली, नाहीतर सबंध तांब्याची. १५० यार्डांच्या आत, जनावर आडवं उभं असताना, फुप्फुसात.

दारूगोळा
मी असहमत. पुरते म्हणजे सगळं बरोबर झालं तर पुरते. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर बोटभर जाड कूर्चेची ढाल असते, अंग चिखलाने माखलेलं असतं, तो तिरका उभा असतो. तिथे .३० व्यासाची गोळी जास्त आत जाते आणि पलीकडून बाहेर पडते. दोन भोकं म्हणजे रक्ताची वाट सापडते. मेस्कीटमध्ये संध्याकाळी वाट न सापडणं म्हणजे जनावर वाया.

लॅनोकाठ
मोठ्या नराबद्दल तुमचं मान्य. पण डुकराला हरणासारखं खांद्याच्या *मागे* मारणं ही खरी चूक आहे, कॅलिबर नव्हे. डुकराचं काळीज खाली आणि पुढे, पुढच्या पायांच्या मधे असतं. हरणाच्या जागी नेम धरला तर गोळी पोटात जाते, मग .३०८ असली तरी ते मैलभर पळतं. नेम खांद्यावरच, उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात.

डॉक्टर_गोठा
चौथ्या कामाबद्दल, म्हणजे जखमी जनावराबद्दल कुणी बोललं नाही. तिथे कॅलिबरपेक्षा दुर्बिणीची उंची महत्त्वाची.

दुर्बीण नळीच्या दीड इंच वर बसते. १०० यार्डांवर नेम जुळवलेला असला तरी दहा फुटांवर गोळी जवळपास त्या दीड इंचाने खालीच लागते. शेळीच्या डोक्यात दीड इंच म्हणजे मेंदू चुकला आणि जबडा फुटला. म्हणून जवळून मारताना दुर्बिणीतली फुली जिथे लागायला हवं त्याच्या दीड इंच वर ठेवा. आधी त्याच अंतरावर कागदावर तीन गोळ्या मारून बघा.

जागा: गाय-बैलाला प्रत्येक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून विरुद्ध बाजूच्या शिंगाच्या मुळापर्यंत रेघ धरायची, दोन रेघा कापतात तो बिंदू. दोन डोळ्यांच्या मधोमध नव्हे, ते खाली होतं. शेळीला डोक्याच्या मागून, शिंगांच्या पाठीमागे, रोख हनुवटीकडे. नळी टेकवायची नाही, एक ते तीन फूट अंतर. मागे दगड किंवा लोखंड नको. पिंजऱ्यातल्या डुकराला मारताना जाळीच्या तारेवर गोळी लागून उलटते, म्हणून नळी जाळीच्या चौकटीतून आत रोखा आणि पिंजऱ्यापलीकडे कुणी उभं नाही ते बघा.

आणि रानडुक्कर सोलताना हातमोजे घालाच. ब्रुसेलोसिस रक्तातून माणसाला होतो.

रानवारा
डॉक्टर, हे सोन्यासारखं आहे. दुर्बीण याच कारणाने जितकी खाली बसेल तितकी खाली बसवा. १-६ पट किंवा २-७ पट पुरे. मोठ्या भिंगाची ५० मिलिमीटरची घेतली की रिंगा उंच होतात, रायफल डोक्यावर जड होते आणि आखूड घेतल्याचा उपयोग जातो.

कोकणी_ठासणी
दुर्बिणीशिवाय, साध्या माशीने (नळीवरच्या नेमाच्या खुणेने) नाही का भागत?

रानवारा
५२७ ला माशी येते, रुगर रँचला येत नाही, दुर्बीण बसवायची नुसती रेल असते. दिवस मावळताना काळं डुक्कर काळ्या झुडपात, तिथे माशी दिसत नाही. १९८० च्या दशकात जेफ कूपर यांनी स्काउट रायफलीची कल्पना मांडली, एक मीटरच्या आत लांबी आणि तीन किलोच्या आसपास वजन, तिच्यात कमी पटीची दुर्बीण पुढे नळीवर असायची. लांबी-वजनाचा विचार आजही बरोबर आहे. दुर्बीण मात्र लोकांनी परत मागे आणली, कारण पुढच्या दुर्बिणीत संध्याकाळी मागून उजेड पडला की काही दिसत नाही.

किवी_कुणबी
न्यूझीलंडहून. इथे शेतावर सप्रेसर सर्रास वापरतात. बंदुकीचा परवाना असला की वेगळा कागद नाही. लांबीचा हिशोब मात्र करा: १६ इंच नळी अधिक सात इंच सप्रेसर म्हणजे २३ इंच. २० इंची नळी घेऊन त्यावर सप्रेसर लावला तर गाडीच्या दारात अडकतोच. आखूड नळीचं खरं कारण आता हेच आहे.

कागदपत्र
अमेरिकेत सप्रेसरवरचा १९३४ पासूनचा २०० डॉलर कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. अर्ज, ठसे, फोटो, नोंदणी तशीच आहे. टेक्सासात सप्रेसर शिकारीला चालतो. दोघांनी वापरायचा असेल तर ट्रस्टच्या नावाने घेतात, नाहीतर नोंदवलेला माणूस सोबत हवा. आणि केंद्रीय कायद्यात सप्रेसर म्हणजेसुद्धा बंदूकच, तेव्हा एच-वन-बीचा वरचा नियम त्यालाही.

दारूगोळा
सप्रेसरबद्दल दोन चुका हमखास होतात. नळीचा पेच सरळ आहे का ते न बघता लावणं: सरळ पोलादी काठी नळीतून बाहेर काढून ती सप्रेसरच्या भोकाच्या मधोमध येते का ते पाहा, कडेला आली तर गोळी आतल्या पडद्याला घासणार. आणि सप्रेसर लावल्यावर नेम पुन्हा न जुळवणं: नळीवर वजन आलं की गोळीची जागा इंच-दोन इंच हलते.

कान तरीही झाका. साध्या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या वर, सप्रेसर त्यातले २० ते ३५ कमी करतो. १४० ची धोक्याची रेषा आहे तिच्या जवळच तुम्ही राहता.

चौथी_फेरी
मग ३०० ब्लॅकआउट सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची गोळी) घ्या की, आवाजाचा प्रश्नच मिटला.

दारूगोळा
@चौथी_फेरी, २२० ग्रेनची गोळी हजार फुटांच्या वेगाने फक्त पाचशेच्या आत फूट-पाउंड देते. हरणाला ते कमीच. शिवाय १०० यार्डांवर तीच गोळी सुपरसॉनिकपेक्षा एक फुटाहून जास्त खाली लागते. मॅगझिनमध्ये दोन्ही मिसळली की जनावर जखमी होणार. एक बंदूक, एक गोळी.

ब्लॅकआउटचा खरा धोका वेगळा. त्याचं काडतूस .२२३ च्याच कवचापासून बनलं आहे, तेच मॅगझिन, आणि काही गोळ्या .२२३ च्या चेंबरमध्ये पूर्ण आत बसतात. बोल्ट बंद होतो. चाप ओढला की .३० ची गोळी .२२ च्या नळीत, आणि रायफल फुटते. घरात किंवा शेजाऱ्याकडे .२२३ असेल तर ब्लॅकआउट आणू नका. आणलंच तर मॅगझिन वेगळ्या रंगाची, डबे वेगळ्या खोलीत.

माळरान
शेजाऱ्याकडे दोन एआर आहेत, .२२३, आणि तो आमच्या रानातही येतो. तेव्हा ब्लॅकआउट बाद.

राहिले ५.५६ आणि ७.६२×३९. काडतूस गावात मिळणं आणि छोट्या माणसाचा सराव धरला तर ५.५६. मोठा नर धरला तर ७.६२×३९. रुगर रँच दुसरी पिढी नक्की. .३०८ चा हट्ट सोडला.

लॅनोकाठ
५.५६. मोठे नर पिंजऱ्याच्या आसपास ५०-६० यार्डांत येतात, तिथे कानाच्या मुळाशी ६२ ग्रेनची गोळी पुरेशी. रोज वापरली जाईल ती घ्या.

दारूगोळा
ढालीबद्दलचं माझं मत कायम आहे, पण तुमच्या घरासाठी ५.५६ च. सरावाचा मुद्दा सगळ्यांवर भारी. मॅगझिन १० चं घ्या, ३० चं बाकावर टेकवताना खाली अडतं.

रानवारा
घेतल्यावरचा क्रम देतो. रेलचे स्क्रू काढून तेल पुसा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू धरून ठेवणारा डिंक) एक थेंब, पुस्तिकेतल्या टॉर्कला घट्ट. रिंगांचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंड. हाताच्या अंदाजाने आवळलेली रिंग दुर्बिणीच्या नळीला चिमटते, नाहीतर यूटीव्हीच्या हादऱ्यांनी सैल होते. दस्त्याचे स्क्रूही तपासा. "रायफल अचानक चुकायला लागली" या तक्रारीत दहातल्या बहुतेक वेळा तेच सैल असतात.

नेम आधी २५ यार्डांवर कागदावर आणा, मग १०० ला जुळवा. १६ इंची ५.५६ मध्ये ५५ ग्रेनची गोळी मग २०० ला साधारण चार इंच खाली जाते. तुमच्या कामाला गणित तेवढंच. शेवटी डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन गोळ्या दहा फुटांवर, आणि तो कागद दोघांनीही बघायचा.

गवताळ
गाडीत ठेवताना: मॅगझिन लावलेलं, चेंबर रिकामं, बोल्ट बंद. गोळी आत भरायची ती पाय जमिनीवर आल्यावर. घरात सतरा वर्षांखालचं मूल असेल तर टेक्सासात भरलेली बंदूक त्याच्या हाताला लागणं हा गुन्हा आहे, तेव्हा रात्री गाडीतून काढून कपाटात कुलूपबंद. बोल्टच्या लग्सना (नळीत अडकणारे दाते) ग्रीसचा एक ठिपका, पण घण्याच्या वाटेत तेल नको. तिथे धूळ बसून लापशी होते आणि थंडीत घणा मंद पडतो.

माळरान
सगळं लिहून घेतलं. एक शेवटचं: नळीच्या तोंडाला झाकण लावावं का? इथे धूळ फार.

गवताळ
धुळीपेक्षा कुंभारीण माशी बघा. उन्हाळ्यात गाडीत आठवडाभर उभ्या ठेवलेल्या नळीत ती चिखलाचं घर करते, आणि त्यावर बार काढला तर नळी फुगते किंवा फुटते. विजेच्या कामाच्या काळ्या टेपचा एकच पदर तोंडावर ताणून लावा. आतली हवा गोळीच्या आधीच तो फाडते, नेम बदलत नाही. तरीही गाडीतून काढताना बोल्ट उघडायचा, चेंबर रिकामं आहे हे बोटाने चाचपायचं, टेप सोलायचा आणि मागून नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघायचं. मग नवा टेप. आरशाच्या मागे एक रीळ अडकवून ठेवा.

माळरान
रीळ आजच टाकतो गाडीत. कोर्सला दोघांची नावं घातली, रायफल त्यानंतर.